विश्लेषण : अमेरिकेतील युद्ध संपले आणि शिरूर-भीमथडीत कर्जरोखे का पेटले?

अमेरिकेचे उद्योगयुग सुरू होत असताना आजच्या शिरूर आणि दौंड परिसरातील शेतकरी सावकाराच्या वह्या जाळत होता. त्याच काळात अमेरिकी शेतकरीही कर्जात बुडाला होता. मग दोघांच्या लढ्यांची वाट वेगळी का झाली?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्याच महिन्यात केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते उठवले. वॉशिंग्टनमधील निर्णय विदर्भातील कापूस उत्पादकाच्या खिशापर्यंत कसा पोहोचतो, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मात्र ही साखळी महाराष्ट्राला नवी नाही. अमेरिकेतील घडामोडींचा धक्का पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाने १८६० आणि १८७० च्या दशकांत चांगलाच अनुभवला. इतिहासाच्या पुस्तकांत त्याची नोंद ‘दख्खनचे दंगे’ या नावाने आहे.

१२ मे १८७५ रोजी काय घडले?

सुपे हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. त्या काळी ते भीमथडी तालुक्यात होते. आजच्या दौंड आणि बारामती तालुक्यांचा मोठा भाग तेव्हा भीमथडीत मोडत असे. सुप्याला बाजारपेठ होती आणि आसपासच्या गावांना कर्ज देणाऱ्या सावकारांची वस्तीही होती.

त्या बुधवारी आजूबाजूच्या गावांतील शेतकरी सुप्यात जमले. त्यांनी सावकारांकडे एकच मागणी केली : कर्जाचे रोखे आणि हिशेबाच्या वह्या आमच्या हवाली करा. मिळालेले कागद जाळण्यात आले, धान्याची दुकाने लुटली गेली, काही ठिकाणी घरांनाही आग लावण्यात आली.

पुढच्या काही आठवड्यांत हे लोण भीमथडी, शिरूर, इंदापूर आणि हवेलीतील गावांत आणि नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरले. तीसहून अधिक गावांना झळ बसली. लष्कर बोलवावे लागले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून साडेनऊशेच्या आसपास लोकांना अटक झाली आणि सुमारे ५०० जणांना शिक्षा झाली.

या दंग्यांचे एक वैशिष्ट्य चौकशी आयोगानेही नोंदवले. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे हाती आले की बहुतेक ठिकाणी जमाव शांत होत असे. शेतकऱ्याला स्वतःला वाचता येत नव्हते, पण आपली जमीन त्या कागदात अडकली आहे हे त्याला पक्के ठाऊक होते.

ठिणगी शिरूर तालुक्यात कशी पडली?

सुप्याच्या पाच महिने आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातील कर्डे गावात या असंतोषाला तोंड फुटले होते. गावातील प्रतिष्ठित घराण्यातले बाबासाहेब देशमुख कर्जात होते. कालुराम नावाच्या सावकाराने त्यांच्याविरुद्ध न्यायालयाचा हुकूमनामा मिळवला, घर ताब्यात घेतले आणि ते पाडायला सुरुवात केली. देशमुखाचीच ही गत, तर आपले काय, हा प्रश्न गावाला पडला.

गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांची जमीन कसायची नाही, त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, न्हाव्याने, धोब्याने, सुताराने त्यांचे काम करायचे नाही, असे ठरले. हा ठराव मोडणाऱ्याला गावाबाहेर काढण्याची ताकीद होती. पाठोपाठ इतर गावांतही अशी ‘सामपत्रे’ लिहिली गेली.

सावकारांनीही हात आखडते घेतले. तोवर शेतकऱ्याचा सरकारी साराही अनेकदा सावकारच भरत असे आणि ती रक्कम वहीत मांडत असे. त्या वर्षी त्यांनी सारा भरायला नकार दिला. सरकारी हप्ता तर टळणार नव्हता. या कोंडीतूनच पुढचा उन्हाळा पेटला.

अमेरिकेचा संबंध कसा आला?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत असे. तो गुलाम मजुरांच्या श्रमांवर पिकत होता. १८६१ मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरून तिथे यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. १८६१ मध्ये सुमारे २० लाख गासड्या अमेरिकी कापूस ब्रिटनला पोहोचला होता. पुढच्याच वर्षी हा आकडा ५५ हजारांवर आला.

लँकेशायरच्या गिरणीमालकांनी भारताकडे मोर्चा वळवला. मुंबईतील निर्यातदारांनी जिल्ह्यांतील व्यापाऱ्यांना उचल दिली, त्यांनी गावच्या सावकारांना आणि सावकारांनी शेतकऱ्यांना. कापूस लावणार असाल तर एकरी १०० रुपयांपर्यंत आगाऊ रक्कम मिळू लागली. १८६० ते १८६४ या चार वर्षांत मुंबई इलाख्यातील दख्खन भागात कापसाखालील क्षेत्र दुप्पट झाले.

मुंबईत तर पैशाचा पूर आला. बँका आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या रोज उभ्या राहू लागल्या. त्यांच्या शेअरचे भाव आकाशाला भिडले. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील दक्षिणेच्या सैन्याने शरणागती पत्करली. कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी मुंबईचा शेअर बाजारही. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे व्यापारीही त्यात होरपळले. बॉम्बे बँक बुडाली.

पण शिरूर-भीमथडीत कापूस पिकत होता का?

येथे थोडे थांबायला हवे. ‘अमेरिकेतील युद्ध, कापसाची तेजी, मग मंदी, मग दंगे’ अशी सरळ मांडणी नेहमी केली जाते. प्रत्यक्षात तेजीचा मोठा कापूस खानदेश, वऱ्हाड आणि धारवाडकडे होता. शिरूर, भीमथडी हा अवर्षणप्रवण भाग. भीमथडीची ओळख तट्टांची, शेतातले मुख्य पीक ज्वारी-बाजरी. त्यामुळे ब्रिटिश इतिहासकार नील चार्ल्सवर्थ यांच्यासारख्या अभ्यासकांनी या सरळ मांडणीवर आक्षेप घेतला आहे आणि दंग्यांचे महत्त्व फुगवले गेल्याचेही म्हटले आहे.

तेजी या भागात आली ती आडवळणाने. कापसाखाली जमीन गेली, मुंबईत पैसा खेळू लागला, तेव्हा धान्याचेही भाव चढले. ज्वारी-बाजरी विकणाऱ्याच्या हाती पूर्वी कधी नव्हता इतका पैसा आला. त्याच वेळी रेल्वेचे काम जोरात होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुण्याहून दौंडमार्गे पूर्वेकडे जाणारा फाटा १८५८ मध्ये सुरू झाला होता आणि बोरघाटातील चढणीचे काम १८६३ पर्यंत चालले. हजारो मजुरांना त्यावर रोजगार मिळाला. बैलगाडीवाल्यांना भाडी मिळाली.

पत वाढली तसे कर्जही वाढले. ज्याच्या शेतमालाला भाव आहे त्याला सावकार आनंदाने कर्ज देतो. त्या काळात घेतलेली कर्जे फेडता येतील, असे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही वाटत होते.

मंदीत कर्ज का फुगले?

भाव उतरले एवढेच कारण असते, तर कदाचित निभावले असते. पण त्याच सुमारास आणखी दोन गोष्टी घडल्या.

पहिली, सरकारी सारा. इंदापूर, भीमथडी परिसरात १८३६ नंतर ठरवलेल्या साऱ्याची ३० वर्षांची मुदत १८६० च्या दशकाच्या अखेरीस संपू लागली. फेरआकारणी करताना तेजीच्या काळातील भाव डोळ्यांसमोर ठेवले गेले. अनेक गावांत सारा ५० टक्क्यांहून अधिक वाढला, काही ठिकाणी जवळपास दुप्पट झाला. नवा सारा अंगावर येऊ लागला तोवर, म्हणजे १८७१ च्या पुढे, धान्याचे भाव घसरणीला लागले होते. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांच्या या स्थितीची चौकशी करून सरकारपुढे गाऱ्हाणे मांडले.

दुसरी, मुदतीचा कायदा. १८५९ च्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला होता. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला. जुनी मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नव्या रोख्याची मुद्दल होई आणि तिच्यावर पुन्हा व्याज सुरू. आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज आकारले गेले होते.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना संकेत होता. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचे नाही, असा तो संकेत. नव्या न्यायालयांत मात्र अंगठा उमटलेला कागद हाच पुरावा ठरू लागला. गावच्या संकेताला तिथे किंमत उरली नाही.

त्या वेळी अमेरिकेत काय चालले होते?

यादवी युद्धानंतरची अमेरिका वेगाने बदलली. १८६५ मध्ये तिथे सुमारे ५६ हजार किलोमीटर लोहमार्ग होते, १९०० पर्यंत ते तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेले. १८६९ मध्ये देशाची दोन टोके रेल्वेने जोडली गेली. १८७० मध्ये एक लाख टनही पोलाद तयार न करणारा हा देश शतकाच्या शेवटी वर्षाला एक कोटी टनांच्या पुढे गेला. पोलादात अँड्र्यू कार्नेगी, तेलात जॉन रॉकफेलर, पैशाच्या व्यवहारात जे. पी. मॉर्गन अशी नावे पुढे आली.

या कारखान्यांना माणसे पुरवली ती युरोपातून येणाऱ्या स्थलांतरितांनी. १८८० नंतरच्या चार दशकांत दोन कोटींहून अधिक लोक अमेरिकेत दाखल झाले. त्यांच्या नोंदणीसाठी १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कजवळ एलिस बेटावरील केंद्र सुरू झाले.

या भरभराटीला झटकेही बसत होते. सप्टेंबर १८७३ मध्ये रेल्वेत पैसा गुंतवणारी जे कुक आणि कंपनी ही पेढी बुडाली आणि अनेक वर्षांची मंदी सुरू झाली. १८७७ मध्ये पगारकपातीविरुद्ध रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. म्हणजे कर्डे आणि सुपे इथली धुसफुस ज्या वर्षांत चालू होती, त्याच वर्षांत अमेरिकाही मंदीतून जात होती.

अमेरिकी शेतकरी कर्जात का होता?

गुलामगिरी संपली, पण मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना जमीन मिळाली नाही. ते बटाईने जमीन कसू लागले. बियाणे, खेचर, पीठ, कापड हे सारे गावच्या दुकानदाराकडून उधार. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. तारण म्हणून अजून न उगवलेले पीक लिहून द्यायचे. हंगामाच्या शेवटी हिशेब केला की देणे शिल्लकच निघायचे. दुकानदार तारण म्हणून कापूसच मागायचा, त्यामुळे खाण्याचे धान्य लावायची मोकळीक नाही. पुढे अनेक गोरे शेतकरीही याच फासात अडकले. हिशेबाची वही दुकानदाराच्या ताब्यात आणि अंगठा शेतकऱ्याचा. शिरूरच्या शेतकऱ्याला हे चित्र ओळखीचे वाटले असते.

पश्चिमेकडील गहू उत्पादकांची तक्रार वेगळी होती. रेल्वे कंपन्या मनमानी भाडे लावतात, धान्याच्या कोठारांचे मालक साठवणुकीला वाटेल ते दर घेतात आणि बँका व्याज कमी करत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय भाव सतत उतरत होते. भाव उतरला की कर्ज तेवढेच राहते, पण ते फेडायला पोती जास्त लागतात. युद्धापूर्वी पौंडाला दहा-अकरा सेंट मिळवणारा कापूस १८९० च्या दशकाच्या मध्यास पाच सेंटांच्या आसपास आला होता.

साखळी उलट्या दिशेनेही चालत होती. चलनात चांदीची नाणी वाढवा, म्हणजे भाव सुधारतील, अशी अमेरिकी शेतकऱ्यांची मागणी होती. जून १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतातील टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीसाठी बंद केल्या. चांदीचा भाव कोसळला आणि कोलोरॅडोतील खाणी बंद पडू लागल्या.

दोन्हीकडचा रोष कुणावर वळला?

हा या इतिहासातील अवघड भाग आहे. दख्खनमध्ये हल्ले झाले ते प्रामुख्याने मारवाडी आणि गुजर सावकारांवर. अनेक गावांत ब्राह्मण किंवा स्थानिक सावकारांना फारसा धक्का लागला नाही. व्याज सगळेच घेत होते. पण जो बाहेरचा, ज्याची गावाशी सोयरीक नाही, त्याच्यावर राग काढणे सोपे होते. सारा वाढवणारे सरकार तर हाताला लागणारच नव्हते.

अमेरिकेत मजुरी घसरली की बोट चिनी मजुरांकडे जाई. ज्यांनी पश्चिमेची रेल्वे बांधली, त्यांनाच १८८२ च्या कायद्याने देशाची दारे बंद केली. सप्टेंबर १८८५ मध्ये वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी खाणकामगारांना ठार केले. अनेक कामगार संघटनांचाही चिनी मजुरांच्या बंदीला पाठिंबा होता.

दोन्ही ठिकाणी व्यवस्था दूर होती आणि परका माणूस जवळ होता. संकटकाळात राग कुणीकडे वळवला जातो, हे समजून घ्यायला ही दोन्ही उदाहरणे पुरेशी आहेत.

मग उत्तरे वेगळी का निघाली?

कारण एकाकडे मत होते आणि दुसऱ्याकडे नव्हते.

अमेरिकेतील गोऱ्या शेतकऱ्यांनी १८६७ पासून ‘ग्रेंज’ नावाच्या संघटना बांधल्या. आपल्या राज्यांच्या विधिमंडळांत माणसे निवडून पाठवून त्यांनी रेल्वे आणि कोठारांच्या दरांवर मर्यादा घालणारे कायदे करून घेतले. १८७७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे वैध ठरवले. १८९२ मध्ये त्यांनी ‘पीपल्स पार्टी’ म्हणून स्वतःचा पक्ष मैदानात उतरवला. रेल्वे सरकारच्या मालकीची करा, श्रीमंतांवर वाढता प्राप्तिकर लावा, शेतमाल ठेवायला सरकारी गोदामे बांधा आणि त्या मालावर स्वस्त कर्ज द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी पाठिंबा दिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन हरले. पण प्राप्तिकर आणि शेतीकर्जाची संस्थात्मक सोय या गोष्टी पुढच्या वीस वर्षांत आल्याच.

दक्षिणेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्याला १८७० च्या घटनादुरुस्तीने मताधिकार मिळाला होता. १८९० पासून मिसिसिपी आणि मग इतर राज्यांनी मतदानासाठी कर आणि साक्षरतेची अट घालून तो व्यवहारात काढून घेतला. त्याच्या कर्जाचा प्रश्न पुढे अनेक दशके तसाच राहिला.

शिरूर-भीमथडीच्या शेतकऱ्याला तर मत हा प्रकारच माहीत नव्हता. कायदा कोण करतो, सारा कोण ठरवतो, यात त्याला विचारणारे कुणी नव्हते. त्याच्या हाती बहिष्कार होता आणि शेवटी काडेपेटी.

सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. त्यात सावकारांवर ठपका होता. सरकारी साऱ्यामुळे दंगे झाले हे मात्र मान्य केले गेले नाही. तोवर १८७६-७८ चा भीषण दुष्काळही येऊन गेला होता. १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ झाला. त्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबवले आणि गावपातळीवर रोखे नोंदवण्याची व तडजोडीची सोय केली.

कायद्याचा दिलासा खरा होता, पण त्यातूनही वाटा निघाल्या. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घेण्याची पद्धत वाढली. कर्ज फेडल्यावर जमीन परत देऊ, हे आश्वासन फक्त तोंडी. बाहेरच्या सावकाराची जागा काही ठिकाणी गावातल्याच मोठ्या शेतकऱ्याने घेतली.

महात्मा फुले अमेरिकेकडे कसे पाहत होते?

दंग्यांच्या दोन वर्षे आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. ते त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते. म्हणजे ज्या युद्धाच्या आर्थिक लाटा पुण्याच्या पूर्व भागात येऊन आदळल्या, त्याच युद्धातून फुल्यांनी मुक्तीची प्रेरणा घेतली होती. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचा संबंध सारा, न्यायालये, सावकार आणि अविद्या या सर्वांशी जोडला. केवळ सावकाराला दोष देऊन ते थांबले नाहीत.

फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी तोच विचार गिरण्यांत नेला. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या त्यातील मागण्या. १ मे १८८६ रोजी अमेरिकेत लाखो कामगार आठ तासांच्या दिवसासाठी संपावर गेले. मुंबईतील मागणी त्या मानाने साधी होती, पण ती मान्य व्हायला १० जून १८९० उजाडावा लागला. मत नसलेल्या माणसांनी सह्या गोळा करून मिळवलेले हे यश होते.

दौंड तालुक्यातील केडगावचा संबंध काय?

त्या काळातील अमेरिका डोळ्यांनी पाहून मराठीत लिहिणारी व्यक्ती पुढे दौंड तालुक्यातच येऊन राहिली. आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पोहोचल्या आणि जवळपास तीन वर्षे तिथे हिंडल्या. १८८९ मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झाले. राज्यपद्धती, शिक्षण, व्यापार आणि स्त्रियांची स्थिती असा अमेरिकी समाजाचा आढावा त्यात आहे.

रमाबाईंना सर्वाधिक भावल्या त्या तिथल्या स्त्रियांच्या संघटना. मताधिकार नसताना या स्त्रियांनी दारूबंदीपासून शिक्षणापर्यंत देशभर संस्था उभ्या केल्या होत्या. अमेरिकेचे कौतुक करतानाच वर्णभेदावर आणि मूळ रहिवाशांच्या वाट्याला आलेल्या वागणुकीवर टीका करायला त्या कचरल्या नाहीत.

डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाले. दहा वर्षे मदत देण्याचे त्या संस्थेने ठरवले. त्यातून मार्च १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले, ते पुढच्या वर्षी पुण्यात आले. नंतर रमाबाईंनी रेल्वेमार्गावरील केडगाव येथे जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार मुली आणि स्त्रिया तिथे आल्या. सप्टेंबर १८९८ मध्ये ‘मुक्ती’ची रीतसर सुरुवात झाली. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, तेलघाणा, छपाई अशी कामे स्त्रियाच करत. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही त्याच होत्या.

या कामातील ख्रिस्ती धर्माच्या स्थानावरून तेव्हा पुण्यात मोठे वादळ उठले होते आणि त्याची चर्चा आजही होते. पण भीमथडीतील कर्जाच्या वादळानंतर पाव शतकाच्या आतच अमेरिकेतील सामान्य माणसांच्या वर्गणीतून त्याच भागात एक संस्था उभी राहिली, ही वस्तुस्थिती आहे.

१८९८ मध्ये अमेरिका कुठे पोहोचली होती?

‘मुक्ती’ सुरू झाली त्याच वर्षी अमेरिकेने स्पेनचा पराभव केला. प्यूर्तो रिको आणि ग्वाम ताब्यात आले, दोन कोटी डॉलर मोजून फिलिपिन्स घेतले, हवाईही जोडून घेतले. युद्धामागे क्युबाचा प्रश्न, वृत्तपत्रांनी तापवलेले वातावरण आणि आरमारी महत्त्वाकांक्षा होती. त्याबरोबर कारखान्यांत देशाच्या गरजेपेक्षा जास्त तयार होणाऱ्या मालासाठी नव्या बाजारपेठा हव्यात, हा विचारही होता.

तो माल महाराष्ट्राच्या खेड्यांपर्यंत आधीच आला होता. अमेरिकेतून डब्यांत येणाऱ्या खनिज तेलाने गोड्या तेलाच्या दिव्यांची जागा घ्यायला सुरुवात केली होती. ‘रॉक ऑइल’चे मराठीत ‘रॉकेल’ झाले. १८६० च्या दशकात इथला कापूस मँचेस्टरला गेला तो अमेरिकेचा कापूस अडकला म्हणून. शतकाच्या शेवटी अमेरिका स्वतःच विकायला निघाली होती.

आज या इतिहासाचे महत्त्व काय?

१९०४ मध्ये भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. अमेरिकेत शेतीकर्जासाठी संघराज्याचा कायदा १९१६ मध्ये आला. खासगी सावकारावरचे अवलंबित्व संस्था उभारूनच कमी होईल, या निष्कर्षावर दोन्ही देश काही वर्षांच्या अंतराने पोहोचले. पुणे जिल्ह्यातील विकास सोसायट्या आणि जिल्हा बँक यांच्या मुळाशी हाच धडा आहे.

आजचे शिरूर आणि दौंड वेगळे आहेत. कालव्यांच्या पाण्यावर ऊस उभा आहे, रांजणगाव आणि कुरकुंभला औद्योगिक वसाहती आहेत. पण कांद्याची निर्यात बंद झाली किंवा सुरू झाली की इथल्या बाजार समितीत त्याच दिवशी भाव हलतो. आणि खासगी सावकारी संपलेली नाही, म्हणूनच २०१४ मध्ये राज्याला सावकारी नियमनाचा नवा कायदा करावा लागला. सावकारीतून बळकावलेली जमीन तपासणीनंतर मूळ मालकाला परत देण्याची तरतूद त्यात आहे. रोख्यामागचा खरा व्यवहार तपासा, हे १८७९ च्या कायद्याचे तत्त्वच त्यात पुन्हा आले आहे.

१८७५ च्या शेतकऱ्याला भाव लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये का पडला हे कळायला मार्ग नव्हता, सारा ठरवणाऱ्याला जाब विचारण्याचा हक्क नव्हता आणि कागदावर काय लिहिले आहे हे वाचताही येत नव्हते. आजच्या शेतकऱ्याच्या हातात भाव दाखवणारा मोबाइल आहे, सातबारा ऑनलाइन आहे आणि मत आहे. दूरच्या बाजाराचा झटका टाळणे तेव्हाही त्याच्या हातात नव्हते, आजही पूर्णपणे नाही. पण त्या झटक्याचा भार सारा, व्याज आणि भाव यांच्या रूपाने कुणाच्या माथी किती येणार, हे धोरणाने ठरते. धोरण ठरवणाऱ्याला प्रश्न विचारण्याची सोय कर्ड्याच्या आणि सुप्याच्या शेतकऱ्याला नव्हती. आज ती आहे, आणि ती वापरणे हाच त्या जळालेल्या रोख्यांचा धडा आहे.